बिननमस्कारी

वैजयंता गेटपाशी थांबली, तिनं हात जोडले, आणि तात्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सकाळचे पावणेआठ झाले होते. कंपनीची बस नुकतीच लागली होती आणि आम्ही पंचवीस-तीस जणी उतरून रांगेनं आत चाललो होतो. तात्या नेहमीच्या जागी, गेटातून शिरलं की लागणाऱ्या फरशीच्या कट्ट्यावर उभे होते. "नमस्कार, शालनबाई. नमस्कार, मालनबाई. नमस्कार, हुसेनाबी." एकेकीचं नाव घेऊन हात जोडत होते. वैजयंता आदल्या आठवड्यापर्यंत माझ्याबरोबर बसनंच यायची. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मात्र तिनं नवी स्कूटी आणली होती. तात्यांच्या डाव्या हाताला बायकांच्या गाड्यांसाठी नवीन शेड झाली होती, तिथं गाडी लावून ती त्या बाजूनं तात्यांच्या जवळ आली. हात जोडून क्षणभर उभी राहिली. तात्या आमच्या रांगेकडंच बघत होते. "नमस्कार, सखूबाई," म्हणाले. मग वैजयंता हात खाली करून आत गेली.

रांगेतल्या प्रत्येकीनं ते पाहिलं. शालननं माझ्या दंडाला कोपर लावलं आणि हळूच म्हणाली, "वैजू बिननमस्कारी."

हा शब्द आमच्या कंपनीबाहेर कुणाला कळायचा नाही, म्हणून सांगते. मिरजेजवळच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. दवाखान्यात लागणाऱ्या पट्ट्या आणि गॉज तिथं तयार व्हायचं. माणसं दीडशेच्या आतबाहेर, त्यात निम्म्याहून जास्त बायका. तात्या नेजकर मालक. माणूस शब्दानं कधी कुणाला लागेल असं बोलला नाही. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहून प्रत्येकाला नावानिशी नमस्कार करायचा, हा त्यांचा नेम. पेपरात त्यावर लिहून आलं होतं. बाहेरचे पाहुणे यायचे, तात्यांच्या शेजारी उभं राहून बघायचे आणि आम्हाला म्हणायचे, तुम्ही नशीबवान आहात. आम्हालाही तसंच वाटायचं. ज्या बाईला घरात कुणी नावानं हाक मारत नाही, तिला मालक हात जोडून नावानं बोलवतो, ही काही लहान गोष्ट नव्हती.

पण तात्यांना राग आला, की ते ओरडायचे नाहीत, मेमो द्यायचे नाहीत, खाडा मांडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी गेटवर त्या माणसाला नमस्कार करायचे नाहीत, एवढंच. तो समोरून गेला तरी नजर त्याच्या डोक्यावरून पुढं जायची. मग त्या माणसानं दुपारी केबिनमध्ये जाऊन "तात्या, चुकलं" म्हणायचं, तात्यांनी "बसा, पाणी घ्या" म्हणायचं, आणि सकाळी पुन्हा नमस्कार सुरू. सोपं होतं. मधल्या दिवसांत त्या माणसाशी खात्यातलं कुणी बोलायचं नाही. हे तात्यांनी कधी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. एकदा जयश्री नावाच्या पोरीनं एका बिननमस्कारी बाईला आपल्यातला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी जयश्रीचा नमस्कार चुकला. योगायोग असेल. पण तेव्हापासून कुणी तो योग पुन्हा जुळवून बघितला नाही.

तर त्या सोमवारी वैजयंता फोल्डिंगमध्ये येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. अकरा वर्षं आम्ही शेजारी बसत होतो. गॉजची घडी घालायचं काम, समोर कापडाचा गठ्ठा, हात आपोआप चालायचे. खात्यात सगळ्यात जुनी तीच. आमची सुपरवायझर मेअखेर रिटायर होणार होती आणि तिच्या जागी वैजयंता बसणार, हे खात्यानं धरूनच ठेवलं होतं.

"मालन, बगितलंस?" तिनं विचारलं.

"काय?"

"तात्यांनी नमस्कार केला न्हाई मला."

"लक्षात न्हाई आलं माज्या," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गठ्ठा पुढं ओढला. त्या दिवशी डबा खायच्या सुटीत मी शालनच्या बाकावर जाऊन बसले. वैजयंताच्या डब्यात माझ्यासाठी म्हणून रोज एक भाकरी जास्त असायची. तिनं ती खाल्ली की परत नेली, मला माहीत नाही. मी पाठ करून बसले होते.

वाटलं होतं, तीन-चार दिवसांत मिटेल. दस्तगीरचाचा म्हणून आमचे वॉचमन होते, त्यांचे नऊ दिवस झाले होते एकदा, तो कंपनीचा विक्रम. चाचा स्वतःच तो हसत हसत सांगायचे. पण वैजयंताचे चार झाले, सहा झाले, दहा झाले. रोज सकाळी ती स्कूटी लावायची, तात्यांच्या शेजारी येऊन हात जोडून उभी राहायची आणि तात्या तिच्याकडं वळायचे नाहीत. आपण होऊन आवाज द्यायची पद्धत नव्हती. आधी तात्या म्हणणार, मग आपण. त्यांच्या आधी तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणा.

खात्यात कारणं शोधायचं काम मात्र जोरात होतं. शालनचं म्हणणं, स्कूटीवर बसून मालकिणीसारखी आली, ते तात्यांना खुपलं. सखूबाईचं म्हणणं, तसं नाही, जानेवारीतल्या मीटिंगमध्ये ती बोलली ते भोवलं. जानेवारीत तात्यांनी सगळ्यांना बसवून, काही अडचण असेल तर सांगा, असं विचारलं होतं. दरवर्षी विचारायचे. दरवर्षी आम्ही "काही नाही तात्या" म्हणायचो आणि जिलेबी खाऊन उठायचो. या वर्षी वैजयंता उभी राहिली आणि म्हणाली, स्टुलांना पाठ पाहिजे, आठ तास बसून बायकांच्या कंबरा जातात. तात्या मान हलवून "बरोबर आहे" म्हणाले होते. पण तात्यांची मान हलली म्हणजे मनात काय आहे, हे कुणी सांगावं. हेच कारण सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण मग उभं न राहिल्याबद्दल मला माझीच पाठ थोपटता येत होती.

बाराव्या की तेराव्या दिवशी मानेसाहेबांनी मला बोलावलं. मानेसाहेब म्हणजे आमचे मॅनेजर. भला माणूस, पण तात्यांच्या केबिनचं दार वाजवायच्या आधी दोनदा शर्ट नीट करणारा.

"तुमची मैत्रीण आहे ती," ते म्हणाले. "समजवा की तिला. जाऊन चुकलं म्हण म्हणावं. दोन मिनिटांचं काम."

"साहेब, तुमी तात्यांना विचारलं का, काय झालंय म्हणून?"

मानेसाहेब माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना छपरावर चढायला सांगितलं. "मी कसं विचारणार? तात्यांनी विषय काढला नाही, तर मी कसा काढू?"

मग मी वैजयंताला गाठलं. कुठं, तर बाथरूमच्या मागं नळापाशी. तिथंच बोलता येण्यासारखं होतं. दोन आठवड्यांत मी तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते, आणि तेही साहेबांनी सांगितलं म्हणून.

"वैजू, जा की केबिनमदी. चुकलं म्हण अन् मोकळी हो."

"काय चुकलं?"

"काय का असंना."

"तसं कसं गं? काय चुकलं ते कळल्याबिगर चुकलं म्हणू? मी रात रात आठवत बसते. गठ्ठे मोजले, माल परत आला का बगितलं, कुणाला वाईट बोलले का ते बगितलं. सापडंना. सापडलं असतं तर पाय धरले असते."

"मग स्टुलाचं चुकलं म्हण."

"ते चुकलं न्हवतं," वैजयंता म्हणाली. "तुजी कंबर दुखत हुती म्हणूनच उठले हुते मी."

ते खरं होतं. जानेवारीत मी आठवडाभर पट्टा बांधून कामाला येत होते. मी नळ बंद केला आणि म्हणाले, "माजं नाव कुटं घिऊ नको."

हे मी म्हणाले. आज इतक्या वर्षांनी मला ती जागा, ओला कोबा, नळाचा गंजलेला पाइप, सगळं दिसतं. पण तेव्हा काय वाटलं ते आठवायला गेले तर हाती काही लागत नाही, कारण काही वाटलंच नव्हतं. माझ्या नवऱ्याची सूतगिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे आणि ते खोटं नाही. पण खोटं नसलेलं कारण पुरतंच असं नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. आम्हाला सवय झाली. सगळ्यात वाईट तेच. पहिल्या आठवड्यात न बोलणं जड जायचं, नजर चुकवावी लागायची. पुढं पुढं नजर आपोआप तिच्यावरून सरकायला लागली. मोकळ्या गठ्ठ्यासाठी मी तिच्या पुढ्यातून हात घालायची आणि तिच्या हाताला हात लागला, तरी काही न झाल्यासारखं कापड ओढून घ्यायची. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणाच्या पोरीच्या साखरपुड्याला तिला बोलावणं जाईनासं झालं. हुसेनाबीच्या सासूला लकवा झाला, तेव्हा आम्ही सगळ्याजणी भेटायला गेलो, वैजयंता एकटी आमच्या आधी जाऊन आली होती. हुसेनाबीनं ते आम्हाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात तिनंही वैजयंताकडं बघितलं नाही.

वैजयंता बारीक झाली. घडी घालताना चुकायला लागली. अकरा वर्षांत तिची घडी परत आली नव्हती, ती यायला लागली. मग मानेसाहेब म्हणाले, बघा, तात्यांना आधीच कळलं होतं, त्यांची नजर फार बारीक. आम्हीही म्हणालो, हो ना.

मेच्या पहिल्या शनिवारी सुटी व्हायच्या वेळेला ती माझ्या शेजारी उभी राहिली. गर्दी होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी सोमवारपासनं येत न्हाई. राजीनामा दिला साहेबांकडं."

मी पिशवीत डबा भरत होते. शालन बघत होती. मी म्हणाले, "बरं."

माणूस सोडून जाताना तात्या त्याला कट्ट्यावर बोलावून नारळ आणि शाल द्यायचे, सगळी कंपनी टाळ्या वाजवायची. वैजयंता मागच्या दारानं गाडी काढून गेली.

मेअखेरीला सुपरवायझरची जागा मला मिळाली. मानेसाहेबांनी विचारलं, मी हो म्हणाले. घरी नवऱ्यानं पेढे आणले. जूनमध्ये एका सकाळी टेम्पो आला आणि त्यातून साठ नवी स्टुलं उतरली. पाठ असलेली, पाठीला निळं कुशन. बरोबर आलेल्या माणसानं सांगितलं, "तुमच्या मालकांनी जानेवारीतच ऑर्डर दिलती. आमच्याकडनंच उशीर झाला. चार वेळा फोन आला त्यांचा." आम्ही स्टुलं लावून घेतली. सखूबाई टेकून बसली आणि म्हणाली, "मग तिचं काय चुकलं हुतं?" शालन म्हणाली, "स्कूटीच असणार." आणि आम्ही कामाला लागलो.

ऑगस्टमध्ये कंपनीत डोळे तपासायचं शिबिर झालं. फोल्डिंगचं काम नजरेचं, बायका घाबरून चष्मा लावत नाहीत, म्हणून तात्यांनीच मिरजेच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. कँटीनच्या भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगला. समोर खुर्ची. आम्ही साठजणी भिंतीला लागून रांगेत उभ्या. पहिली कोण बसणार यावर ढकलाढकली चालली होती. तात्या हसले आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसले. "आधी माझे तपासा हो. मग यांना धीर येईल. मालनबाई, चष्मा धरा माझा."

मी चष्मा घेऊन शेजारी उभी राहिले. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी तात्यांचा डावा डोळा झाकला. तात्यांनी खालच्या दोन ओळी सोडून सगळं वाचलं. मग बाईंनी उजवा डोळा झाकला. "आता वाचा, काका."

तात्यांनी मान थोडी पुढं केली. मग म्हणाले, "आधी तक्ता लावा की."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, गंमत करताहेत. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तात्यांच्या तोंडासमोर बोटं धरली. "किती बोटं?"

"कसली बोटं?"

"काका, काय दिसतंय?"

"काही नाही. तुम्ही झाकलाय ना डोळा."

"उजवा झाकलाय. डावा उघडा आहे."

बाईंनी बॅटरीचा झोत टाकून बघितलं, खूप वेळ बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर गेलीय. दीड-दोन वर्षं तरी झाली असतील. दुखत नाही, आणि दुसरा डोळा काम चालवून नेतो, म्हणून कळत नाही माणसाला. डावीकडून कुणी आलं तर दिसायचं नाही तुम्हाला. कधी जाणवलं नाही का?"

तात्या चाचपडत चष्म्यासाठी हात पुढं करत होते. मी तो त्यांच्या हातात ठेवला. ते चष्मा लावून म्हणाले, "माझ्याकडं डावीकडून येतंय कोण? सगळे समोरूनच येतात."

रांगेत साठजणी होत्या. एकीनंही दुसरीकडं बघितलं नाही. शालन तक्त्यावरची अक्षरं वाचत असल्यासारखी बघत होती. सखूबाईनं पदर तोंडाला लावला. बाहेर शेडमध्ये अकाउंटच्या पोरींच्या दोन स्कूट्या उभ्या होत्या. त्या पोरी साडेनऊला यायच्या, तेव्हा तात्या गेटवर नसायचे. पावणेआठला त्या बाजूनं येणारी एकटीच होती.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चला, पुढच्या कोण?" आणि हुसेनाबी जाऊन खुर्चीत बसली. शिबिर दुपारपर्यंत चाललं. एकवीस जणींना चष्मे लागले.

संध्याकाळी तात्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढं डॉक्टरांची चिठ्ठी होती. ते थकलेले दिसत होते, पण बोलले नेहमीसारखंच, "बसा, मालनबाई. पाणी घ्या."

मी बसले.

"मी दुपारपासून विचार करतोय. त्या बाई म्हणाल्या ना, डावीकडून आलेलं दिसायचं नाही म्हणून. मला एक सांगा. खरं सांगा. माझ्याकडून कुणाला नमस्कार करायचा राहिला असेल का हो?"

मी त्यांच्या टेबलाच्या कडेला बघत होते. तिथं फॉर्मायका उचकटला होता.

"आणि ती वैजयंता," ते पुढं म्हणाले. "माने म्हणाले, घरची अडचण होती. असेल. पण मला न भेटता गेली, याचं मला वाईट वाटलं. तिला सुपरवायझर करायचं म्हणून मी पत्रसुद्धा टाइप करून ठेवलं होतं. मध्ये मला वाटायचं, ही गेटवर दिसत कशी नाही. मानेंना विचारलं तर म्हणाले, रोज येते. म्हटलं, गर्दीत चुकत असेल. मालनबाई, या कंपनीतून मी आजवर एकाही माणसाला काढलेलं नाही. मला त्याचा अभिमान आहे. तुम्ही जवळच्या तिच्या. काय झालं होतं?"

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तात्या दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेले असते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. त्यांनी तिला मानानं परत आणलं असतं. सुपरवायझर केलं असतं. सुपरवायझर म्हणून मी ज्या खुर्चीत बसत होते ती तिची होती, हे तर होतंच. पण फक्त तेवढंच असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं. दुसरं हे होतं, की तात्यांना वाईट वाटेल असं काही तात्यांना सांगायची आम्हाला सवयच नव्हती. अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तोंडाला तो रस्ता माहीत नव्हता.

"न्हाई तात्या," मी म्हणाले. "कुणाचा राहिला न्हाई. वैजयंताची घरचीच अडचण हुती."

तात्यांनी सुस्कारा सोडला. "मग बरं. मी उगाच मनाला लावून घेत होतो."

दुसऱ्या दिवसापासून ते कट्ट्यावरून उतरून शेडसमोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायला लागले. म्हणजे येणारा प्रत्येक जण त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोरून जाणार. सगळ्यांना नमस्कार मिळायला लागला. मलाही मिळाला. मी हात जोडले आणि आत गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी वैजयंताकडं गेले. खात्यातली कुणी गेली नव्हती, मी जाऊन तिला खरं सांगावं असं मनानं घेतलं. बसमध्ये बसल्यावर मला चक्क बरं वाटत होतं. मी तिच्यासाठी चांगली बातमी घेऊन चालले होते. तिचं काही चुकलं नव्हतं, ही.

ती घरी एकटी होती. ब्लाउज शिवायचं काम घेतलं होतं तिनं, पलंगावर कापडांचे ढीग होते. मला बघून दारातून बाजूला झाली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी मशीनच्या बाजूला पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. शिबिर, तक्ता, डावा डोळा, काचबिंदू. ती बाहीला दोरा घालत होती, ऐकता ऐकता थांबली.

"मजी त्यांना मी दिसतच न्हवते?"

"न्हाई गं. दिसतच न्हवतीस. तू त्या अंगानं यायचीस ना."

"रोज?"

"रोज."

"एकोणसत्तर दिवस हुबी राहिले मी." ती बाहीकडं बघत म्हणाली. "मला वाटायचं, म्हातारा कसला कठीण हाय. एकदा नुसतं मान वळवून बगत न्हाई."

"तुजं काय चुकलंच न्हवतं वैजू. हेच सांगाया आले."

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग तात्या काय म्हणाले? माजं सांगितल्यावर?"

मी पलंगावरचं एक कापड उचलून त्याची घडी घालायला लागले.

"सांगितलं न्हाईस?"

"विचारलं हुतं त्यांनी," मी म्हणाले. "मी म्हटलं, घरची अडचण."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. वैजयंतानं मान हलवली, जशी एखाद्या ओळखीच्या गोष्टीला हलवतात. मला वाटलं, आता ती मला हाकलणार, शिव्या देणार. मी त्याची वाट बघत होते. खरं तर मला ते हवं होतं.

पण तिचा आवाज चढला नाही. "त्यांचं मी धरत न्हाई आता," ती म्हणाली. "एक डोळा गेलेला माणूस. पण मालन, तू माज्या डाव्या अंगाला बसत हुतीस. हातभर अंतरावर. तुला तर मी दिसत हुते."

"दिसत हुतीस," मी म्हणाले.

तिनं दोरा ओवला, बाही मशीनखाली धरली आणि पायडल मारायला सुरुवात केली. मी थोडा वेळ तिथं बसून राहिले. ती एक बाही झाली, दुसरी झाली, तिसरी तिनं हातात घेतली, आणि माझ्याकडं बघितलं नाही.